हिशोब कुणाचा खरा?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला विषय दिलाय ब्रिटनचं राजकारण आणि सार्वजनिक संस्थांवरचा लोकांचा विश्वास. मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत माल उचलतो, कविता लिहितो. लंडन पाहिलेलं नाही, लंडनचा शिक्का असलेल्या पेट्या पाहिल्यात. तरी विषय घेतला, कारण ज्या कोर्टापुढं, ज्या पोलीस चौकीत, पोस्टाच्या ज्या खिडकीपुढं आपण उभे राहतो त्यांचा साचा तिकडूनच आला. साच्यालाच तडा असेल तर तो बघून ठेवलेला बरा.

तिकडं एक पाहणी होते, ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स नावाची. २०२४ साली तिचा अहवाल निघाला. ४५ टक्के लोकांनी सांगितलं, सरकार कुठल्याही पक्षाचं असो, ते पक्षाच्या फायद्याआधी देशाचं हित बघेल असं आम्हाला जवळपास कधीच वाटत नाही. इतका वाईट आकडा या पाहणीत आधी कधी आला नव्हता. आता यावर विद्वान लोक परिसंवाद घेतात. सूर असा की लोकांना काहीतरी झालंय. लोक संशयी झालेत, चिडके झालेत, बहकलेत. म्हणजे रोग लोकांना, डॉक्टर संस्था! मला हा सवालच उलटा टांगलेला वाटतो. लोकांचा संस्थांवर विश्वास का उडाला ते मागाहून विचारा. आधी सांगा, या संस्थांनी लोकांवर विश्वास ठेवला होता कधी?

मी पोस्टाचं प्रकरण घेतो. त्यात सगळं आलं.

ब्रिटनमधलं गल्लीतलं, खेड्यातलं पोस्ट बहुतेक ठिकाणी सरकारी नोकर चालवत नाही. एखादं किराणाचं, वर्तमानपत्रांचं दुकान असतं, त्याच्या कोपऱ्यात पोस्टाची काच. चालवणारा सब-पोस्टमास्तर. तो पगारी नोकर नाही, करारावरचा माणूस. म्हातारी माणसं पेन्शन, बचत, बिलाचे पैसे डोळे झाकून त्याच्या हातात देतात. आपल्याकडून गेलेले, युगांडा-केनियातून उठून आलेले कितीतरी लोक आयुष्याची पुंजी घालून अशा काउंटरमागं उभे राहिले. गोऱ्यांच्या वस्तीत इज्जत मिळवायची ही एक वाट होती.

१९९९ पासून पोस्टानं या काउंटरांवर होरायझन नावाची काँप्युटरची यंत्रणा बसवायला सुरुवात केली. यंत्रणा फुजित्सु कंपनीची. पोस्टाची मालकी सरकारची. संध्याकाळी हिशोब बंद करायला बसावं तर काँप्युटर म्हणतो पैसे कमी आहेत. हॅम्पशायरमधल्या एका खेड्यात जो हॅमिल्टन नावाची बाई पोस्ट चालवायची. तिला दोन हजार पौंडांची तूट दिसली. तिनं मदतीच्या नंबरला फोन लावला, तिकडून सांगतील तशी बटणं दाबली, तर तिच्या डोळ्यांदेखत तूट चार हजार झाली. करारात कलम असं की तूट पडली तर ती पोस्टमास्तरानं भरायची. मशीन चुकलं असेल, हे कलम लिहिणाऱ्याच्या डोक्यातच नाही. लोकांनी घरं गहाण टाकली, नातेवाइकांपुढं हात पसरले, भरत राहिले. फोनवर उत्तर ठरलेलं : असं फक्त तुमच्याकडंच होतंय. ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटननं त्या नंबरला ९१ वेळा फोन केले. पोस्टानं त्याला दिवाणी कोर्टात खेचलं. पंचवीस हजारांच्या तुटीसाठी त्याच्या डोक्यावर तीन लाखांच्या वर खर्च बसवला. दिवाळं निघालं.

आता पुढची मेख बघा. पोस्ट हीच फिर्यादी. तपासनीस पोस्टाचेच. खटला भरणारा वकील पोस्टाचा. हा अधिकार त्यांना जुन्या काळापासून होता. आणि पुरावा काय? मशीनचा कागद. पूर्वी तिथं कायदा असा होता की काँप्युटरचा कागद पुढं करणाऱ्यानं काँप्युटर नीट चालत होता हे दाखवावं. १९९९ च्या एका कायद्यानं ती अट काढून टाकली. मग कोर्ट धरून चालायला लागलं की मशीन बरोबरच असणार, चूक असेल तर आरोपीनं दाखवावी. कुठला आरोपी? ज्याला त्या मशीनच्या पोटात डोकावायची परवानगी नाही तो.

गोदीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. टॅलीच्या कागदावर पोतं कमी लिहिलं की पोतं कमी. शेडमध्ये ते थप्पीला लागलेलं दिसत असेल, गँगमधले सगळे शपथेवर सांगत असतील, तरी कमी. कागदाला पोट नाही म्हणून तो चोरी करणार नाही. हमालाला पोट आहे, म्हणजे केलीच असणार.

१९९९ ते २०१५ या काळात नऊशेच्या वर लोकांना असं चोर, लबाड, खोटे हिशोब लिहिणारे ठरवलं गेलं. त्यातले सातशेच्या आसपास खटले एकट्या पोस्टानं भरले होते. वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा यांच्यावर ७४ हजार पौंड चोरल्याचा आरोप. २०१० च्या नोव्हेंबरात पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. बाई गरोदर. त्याच दिवशी मुलाचा दहावा वाढदिवस. एक पैसा चोरलेला नव्हता. आणि हेही ऐका. २०२३ साली पोस्टाच्या तपासनीसांचा एक जुना कागद बाहेर आला. संशयितांची वर्णावरून, वंशावरून वर्गवारी कशी लिहायची त्याचा नमुना. काळ्या लोकांसाठी त्यात गुलामांच्या बाजारातला शब्द वापरला होता. कागद १८५० चा नाही मित्रांनो, या एकविसाव्या शतकातला.

वर बसलेल्यांना माहीत नव्हतं? २०१३ साली बाहेरून नेमलेल्या हिशोबतपासनीसांनी यंत्रणेतले दोष दाखवले. त्याच जुलैत पोस्टाच्या बाजूच्या वकिलानं लेखी सल्ला दिला की कोर्टात साक्ष देणाऱ्या फुजित्सुच्या तज्ज्ञानं माहीत असलेले दोष सांगितलेले नाहीत. तरी पोस्ट पुढची सहा वर्षं कोर्टात भांडत राहिलं. त्या काळातल्या मुख्य अधिकारी पॉला व्हेनेल्स. बाई चर्चमध्ये दीक्षा घेतलेल्या पाद्री. २०१९ साली त्यांना सरकारी किताब मिळाला, सीबीई. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला की होरायझनमध्ये दोष होते. लढलेल्या ५५५ जणांना तडजोडीत ५ कोटी ७७ लाख पौंड कबूल झाले. वकील आणि खटल्याला पैसा पुरवणारे यांचं वजा जाता त्यांच्या हातात उरले एक कोटी वीस लाखांच्या आसपास. ५५५ ने भागा.

हे सगळं उभं केलं ॲलन बेट्स यांनी. वेल्समधल्या लँडिडनोचा पोस्टमास्तर, २००३ साली करार मोडून बाहेर काढलेला. त्यांनी एकच गोष्ट केली : ज्या ज्या माणसाला 'फक्त तुमच्याकडंच' असं सांगितलं होतं त्याला दुसऱ्या तसल्याच माणसाच्या शेजारी आणून बसवलं. एका काँप्युटरविषयक साप्ताहिकानं २००९ सालीच हे छापलं होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये अपील कोर्टानं ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या, मिश्राबाईंची त्यातच. तरी सरकार हललं कधी? २०२४ च्या जानेवारीत, टीव्हीवर या विषयावर नाटक लागलं, घराघरात लोक रडले, आणि समोर निवडणूक होती तेव्हा. मे महिन्यात संसदेनं कायदाच करून शेकडो शिक्षा एका फटक्यात पुसल्या. पार्लमेंटला कोर्टाचे निकाल पुसावे लागले, कारण कोर्टाच्या चालीनं चाललं असतं तर निम्मे लोक मसणात गेल्यावर सुटले असते. व्हेनेल्सबाईंचा किताबही त्याच वर्षी काढून घेतला. चौकशी करणारे सर विन विल्यम्स यांच्या अहवालाचा पहिला भाग २०२५ च्या जुलैत आला. त्यात लिहिलंय, किमान १३ जणांच्या आत्महत्येमागं हे प्रकरण असू शकतं.

एक गोष्ट मात्र मला या सगळ्यात बरी वाटली. जो हॅमिल्टनचा खटला चालला तेव्हा तिच्या गावचे लोक पैसे जमवून उभे राहिले, कोर्टात जाऊन बसले. त्यांनी मशीन पाहिलं नव्हतं, बाईला पाहिलं होतं. तेव्हा 'विश्वास संपला' हे म्हणणं अर्धवट आहे. खाली तो शाबूत होता.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवतो. १७ मार्च २०२२. पी अँड ओ फेरीज या जहाज कंपनीनं जवळपास आठशे खलाशांना व्हिडिओवर निरोप देऊन त्याच दिवशी घरी पाठवलं. त्यांच्या जागी एजन्सीची स्वस्त माणसं. सरासरी मजुरी तासाला साडेपाच पौंड, जेव्हा तिथलं किमान वेतन ८ पौंड ९१ पेन्स होतं. जहाज दुसऱ्या देशाच्या झेंड्याखाली, म्हणून चालतं म्हणे. कंपनीचा मुख्य अधिकारी संसदेच्या समितीपुढं बसला आणि सरळ बोलला : युनियनशी आधी बोलायला हवं होतं, तो कायदा होता, आम्ही तो जाणूनबुजून मोडला. कबुली, कॅमेऱ्यापुढं! आणि ऑगस्टमध्ये सरकारी खात्यानं जाहीर केलं की फौजदारी खटला भरणार नाही. न केलेल्या चोरीला पंधरा महिने, कबूल केलेल्या गुन्ह्याला काही नाही. मग ४५ टक्के का? मला तर बाकीच्या ५५ टक्क्यांचं नवल वाटतं.

बाकीची प्रकरणं भराभर सांगतो. १९८९ साली हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानात चेंगराचेंगरी झाली, ९७ माणसं गेली. पोलिसांच्या १६४ जबान्या मागाहून बदलल्या होत्या हे २०१२ साली बाहेर आलं. सत्तावीस वर्षांनी ज्युरीनं सांगितलं, दोष प्रेक्षकांचा नव्हता. २०१७ साली ग्रेनफेल टॉवर जळला, ७२ मेले. आगीचा धोका आहे असं रहिवाशांनी आधी लिहून ठेवलं होतं. विंडरश जहाजानं १९४८ साली कॅरिबियन बेटांवरची माणसं टिलबरीच्या गोदीत उतरवली. पुढची पंचवीस वर्षं तशी माणसं येत राहिली, त्यांनी इस्पितळं, बसगाड्या चालवल्या. त्यांची उतरल्याची कार्डं गृहखात्यानं २०१० साली नष्ट केली आणि नंतर त्यांनाच विचारलं, इथं राहिल्याचा पुरावा काढा, दर वर्षाचा. काहींना हाकलूनही दिलं. बघा, पोस्टमास्तराच्या विरुद्धचा कागद देवासारखा, आणि माणसाच्या बाजूचा कागद रद्दीत!

आपल्याशी थेट जोडलेलं एक. २०१३ साली तिथल्या संसदेनं कायद्यात घातलं की समतेच्या कायद्यात सरकारनं जातीचा समावेश केलाच पाहिजे. तिथं राहणाऱ्या दलितांनी त्यासाठी वर्षानुवर्षं दारं ठोठावली होती. काही हिंदू संघटनांनी विरोध केला. सरकारनं मतं मागवली, सोळा हजारांवर आली, आणि २०१८ च्या जुलैत सांगितलं, कायद्यात जात लिहिणार नाही, कोर्टाचे निकाल पुरेसे आहेत. कुठले निकाल? बिहारमधली एक आदिवासी बाई घरकामाला नेली होती. दिवसाला अठरा तास काम, तासाला अकरा पेन्स, झोपायला जमिनीवर गादीचा तुकडा. ती लढली, २०१५ साली तिला एक लाख ८३ हजार पौंड मजुरी मंजूर झाली. म्हणजे आता प्रत्येक मोलकरणीनं आपापला वकील शोधावा आणि आपापली जात परक्या कोर्टात सिद्ध करत बसावी. ज्या लंडनात बाबासाहेब बॅरिस्टर झाले, त्यांचं तिथलं घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेऊन स्मारक केलं, त्याच लंडनची ही गोष्ट आहे. घराला पाटी मिळाली, कायद्यात एक शब्द मिळाला नाही.

आता राजकारण. २०२४ च्या जुलैत मजूर पक्ष निवडून आला. मतं एक तृतीयांश, जागा ६५० पैकी ४११. शंभरातले चाळीस मतदानाला गेलेच नाहीत. नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाला चौदा टक्के मतं आणि पाच जागा, पण पुढच्याच वर्षी मे महिन्यात या पक्षानं दहा कौन्सिलं घेतली. उडालेला विश्वास हवेत राहत नाही, तो कुणीतरी गोळा करतो. घर नाही, दवाखान्यात नंबर लागत नाही, हे खरं दुखणं. त्यावर सांगायचं, तुझं घर शेजारच्या निर्वासितानं खाल्लं. २०२४ च्या जुलैअखेर साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला. मारेकरी निर्वासित आहे अशी खोटी आवई उठली, आणि आठवड्याच्या आत रॉदरॅममध्ये निर्वासित राहत होते त्या हॉटेलला जमावानं आग लावायचा प्रयत्न केला. माणसं आत होती.

यात आमच्या धंद्याचा जुना डाग आहे, तो सांगायलाच हवा. १९६८ च्या एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल या खासदारानं काळ्या-सावळ्या माणसांविरुद्ध विखारी भाषण केलं. तीन दिवसांनी त्याच्या बाजूनं संसदेवर मोर्चा गेला. कुणाचा? लंडनच्या गोदी कामगारांचा. हजाराच्या आसपास. आपल्यासारखेच, पाठीवर ओझ्याचे वळ असलेले.

पुढं १९७२ च्या जुलैत त्यांच्यातल्याच पाच जणांना नव्या औद्योगिक कोर्टानं पेंटनव्हिलच्या तुरुंगात टाकलं. देशभर काम बंद पडलं, आठवड्याच्या आत पाचही जण सुटले. कोर्ट कुणाचं असतं ते त्या पाच दिवसांत त्यांना जेवढं कळलं तेवढं शंभर भाषणांनी कळलं नसतं असं माझं मत आहे.

१९७६ च्या ऑगस्टमध्ये लंडनमधल्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यातून जयाबेन देसाई बाहेर पडल्या. साडी नेसलेली, हातात पर्स, उंचीला जेमतेम पाच फूट. मागोमाग इतर गुजराती बाया. युनियनचा हक्क मागत होत्या. क्रिकलवूडच्या टपाल कामगारांनी त्या कारखान्याचं टपाल उचलायला नकार दिला. कायदा त्यांच्या विरुद्ध होता, तरी दिला. सरकारनं नेमलेल्या न्यायमूर्ती स्कारमन यांच्या चौकशीनं बायांना कामावर परत घ्या म्हणून सांगितलं, मालकानं मानलं नाही, कुणी त्याला हातही लावला नाही. पण १९७७ च्या ११ जुलैला कारखान्यापुढं हजारो लोक जमले तेव्हा पुढं बावटा होता रॉयल डॉक्सच्या गोदी कामगारांचा. नऊ वर्षांपूर्वी पॉवेलच्या मागं गेलेलं तेच बंदर.

संप १९७८ च्या जुलैत मोडला. रॉयल डॉक्स १९८१ साली बंद झाले, आता तिथं विमानतळ आहे.

माझं एवढंच. तुमचे सवाल येऊ द्या.