पायाखालचे पाणी
(व्याख्यानाचा संपादित अंश)



नदीचे प्रदूषण डोळ्यांना दिसते, म्हणून त्यावर आपण बोलतो. आज मला पायाखालच्या, न दिसणाऱ्या पाण्याविषयी बोलायचे आहे.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. तेथे १९८८ साली एका रासायनिक कारखान्यात 'एच-अ‍ॅसिड'चे उत्पादन सुरू झाले. कापडाच्या रंगांसाठी लागणारे हे रसायन निर्यातीसाठी बनत होते. उत्पादन जेमतेम वर्षभर चालले. मागे राहिला सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ. तो उघड्यावर टाकण्यात आला. पावसाच्या पाण्याबरोबर त्यातील विष जमिनीत मुरले आणि सुमारे ६० विहिरींचे पाणी तपकिरी झाले. जी विहीर आजोबांनी खणली, तिचे पाणी नातवाने गुरांनाही दाखवू नये, अशी वेळ आली. माल परदेशी गेला, विष मात्र आमच्या मातीत राहिले!

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. गाळ सुरक्षित खड्ड्यांत बंदिस्त करण्याचा आदेश झाला. प्रत्यक्षात सुमारे ७०० टनच बंदिस्त झाला. उरलेला काही ठिकाणी मातीखाली झाकला गेला. आपल्याकडे 'झाकणे' म्हणजेच 'स्वच्छ करणे' असा समज आहे, तो असा महागात पडतो.

खरे चित्र पुढे आणले ते नागपूरच्या 'नीरी'च्या शास्त्रज्ञांनी. माती आणि विहिरींचे पाणी तपासून विष कोठवर पसरले, हे त्यांनी १९९४ च्या अहवालात मांडले. हे काम किचकट असते. खडकांच्या भेगांतून पाणी कोणत्या दिशेला वाहील, हे वरून कळत नाही. एच-अ‍ॅसिड पाण्यात सहज विरघळते, पण जिवाणूंकडून सहजासहजी विघटित होत नाही. म्हणून आधी गाळ व दूषित माती उचलावी लागते. अन्यथा विहीर उपसून शुद्ध केली, तरी पुढच्या पावसात विष पुन्हा उतरते.

या अहवालाच्या आधारे १९९६ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की ज्याने प्रदूषण केले, त्यानेच शुद्धीकरणाचा खर्च सोसावा. भारतीय पर्यावरण कायद्यात या तत्त्वाला बळ मिळाले ते या निकालाने. परंतु पैसे काही आले नाहीत. अर्जांमागून अर्ज होत राहिले. अखेर २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले : ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये, आणि त्यावर १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याज.

वर्षभराचे उत्पादन, आणि त्याच्या हिशेबाला दोन दशके. तोवर ज्यांची शेते विहिरींवर अवलंबून होती, त्यांनी काय पेरले असेल?