एम.टेक. प्रवेश : अंदाज कसा बांधाल?



आपल्या दहिसरहून पवई फार दूर नाही. तरीही तेथील आय.आय.टी. आपल्यासाठी नाही, असे समजून काही जण अर्जच करीत नाहीत. काहींना वाटते, 'गेट' परीक्षेत पात्र ठरलो म्हणजे प्रवेश मिळालाच. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

१००० पैकी मिळालेला आपला गुणांक घ्या आणि त्याच शाखेत, आपल्याच प्रवर्गात, मागील दोन-तीन वर्षांत प्रवेश कोणत्या गुणांकावर थांबला, त्याच्याशी ताडून पाहा. मोमीन वगैरे जमाती इतर मागासवर्गात येतात. त्यांनी केंद्राच्या नमुन्यातील नॉन-क्रिमिलेअर दाखला वेळेवर काढावा. गुणांक तीन वर्षे चालतो. एकदा हुकले म्हणून खचू नका.

नकार द्यायचाच असेल तर तो संस्थेला देऊ द्या. अर्ज मात्र भरा. अल्लाह आपणांस यश देवो.