आभाळ पाहू नका, धरण पाहा

(ब्रह्मपुरी येथे पावसाळ्याआधी झालेल्या मेळाव्यात एका कार्यकर्तीने केलेले भाषण)



मले मोठं भाषण येत नाही जी. आमच्या घरी जे झालं ते सांगते, आणि त्यातून काय शिकलो ते सांगते.

२०२० सालच्या ऑगस्टचा शेवट होता. माझा दहावीचा निकाल नुकताच लागला होता. लॉकडाऊन होता, म्हणून मी घरीच. आमच्या गावात त्या दिवशी पाऊस उघडला होता. सगळे म्हणत होते, पाऊस नाही तर पूर काहून येईल? पण पाऊस पडला होता वर, मध्य प्रदेशात. तिकडच्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, गोसीखुर्द धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले, आणि वैनगंगा फुगली. लाडज तर नदीच्या मधातलं गाव, ते चारही बाजूंनी वेढलं. बोटी घेऊन जवान आले तेव्हा कुठं लोक बाहेर निघाले.

म्हणून पहिली गोष्ट, आभाळ पाहून पूर ओळखू नका. वर धरणाचे दरवाजे उघडले का, ते विचारा. दुसरं, आमचं गाव नदीपासून दूर आहे म्हणून बिनधास्त राहू नका. नदी भरली की नाल्याचं पाणी नदीत शिरत नाही, ते उलटं मागं फिरते आणि बांध्यांत, घरांत घुसते. आमच्या घरात पाणी नाल्याकडूनच आलं.

आता घरात काय करायचं. निरोप आला की पहिले म्हातारी माणसं, लेकरं, गरोदर बाया यांना उंचावर न्या. रात्र व्हायची वाट पाहू नका. गाई-बैल, शेळ्या दाव्यातून सोडा. बांधलेलं जनावर जागेवरच मरते, सुटलेलं पोहून तरी निघते. घरात पाणी शिरायच्या आधी विजेचा मेन स्विच बंद करा. पाय ओले असतील तर त्याले हात लावू नका. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर पायी जाऊ नका, गाडीही घालू नका. पाणी गुडघ्याएवढं दिसते, पण ओढ माणसाले पाडते, आणि खालचा रस्ता खचला आहे का ते दिसत नाही.

साप-विंचूही आपल्यासारखेच कोरडी जागा शोधतात. बॅटरी आणि काठी जवळ ठेवा. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. माणसाले हलू न देता सरळ दवाखान्यात न्या. ॲम्ब्युलन्सले १०८, मदतीले ११२, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाले १०७७. हे नंबर दारावर कोळशानं लिहून ठेवा.

पाणी उतरलं म्हणून लगेच घरात शिरू नका. मातीच्या भिंती आतून भिजलेल्या असतात, मागून कोसळतात. पहिले बाहेरून फिरून पाहा. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकल्याशिवाय पाणी घेऊ नका, आणि तरीही उकळूनच प्या.

आता माझ्या मनातली गोष्ट. आम्ही धान वाचवलं, भांडी वाचवली. पण आजीची पत्र्याची पेटी खाटेखाली राहिली. त्यात आमच्या वनहक्क दाव्याची पोच, आजोबाच्या काळची दंडाची पावती, सगळं होतं. त्या पावतीवरूनच सिद्ध होत होतं की ती जमीन आम्ही आधीपासून कसतो. सगळ्याचा लगदा झाला. पुढं एका कार्यालयात गेलो तर म्हणाले, कागद आणा. कागद कुठून आणायचा? तो पुरात गेला, हे सांगायलेही कागद लागते! २००६ चा कायदा आपला आहे, पण पुरावा आपल्याच हातात पाहिजे.

म्हणून प्रत्येक घरानं आजच पट्टा, दाव्याची पोच, पावत्या, आधार, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. ती पिशवी जमिनीवर नाही, आढ्याले टांगा. निघताना लेकरू एका हाती, पिशवी दुसऱ्या हाती. एकेक झेरॉक्स ग्रामसभेकडं द्या, एक दुसऱ्या गावच्या नातेवाईकाकडं ठेवा. मोबाईलमध्ये फोटोही काढा.

आणि हे एकट्या घरचं काम नाही. पुढच्या ग्रामसभेत तीन ठराव करा. कोणत्या घरात चालता न येणारं माणूस आहे आणि त्याले कोण उचलणार, याची यादी. गावानं कुठं जमायचं, ती उंच जागा. आणि धरणाचं पाणी सोडायच्या आधी निरोप गावात कोणी, किती तास आधी द्यायचा, याची लेखी मागणी तहसीलदाराकडं. त्याची पोच घ्या जी, आणि तीही त्याच पिशवीत ठेवा!

धान पुन्हा पेरता येते. माणूस आणि जमिनीचा पुरावा पुन्हा पेरता येत नाही.

जय सेवा!