साठीनंतरची पाटी



शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली म्हणून आज दारी तोरणे लागली आहेत. संस्थेचे साठावे वर्ष हीरक महोत्सवाचे मानले जाते. तिच्या अनुभवाचा गौरव होतो आणि पुढील संकल्प जाहीर होतात. स्त्रीचे साठावे वर्ष मात्र पुष्कळदा कोणाच्या लक्षातही येत नाही. मराठी घरात साठीची शांत होते ती बहुधा यजमानांच्या जन्मतिथीवरून. पत्नी शेजारच्या पाटावर बसते. तिचे स्वतःचे वय मोजले जात नाही. पती हयात नसेल, तर तो पाटही मांडला जात नाही. भाषेनेही येथे फारसे औदार्य दाखवलेले नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण वास्तविक दोघांनाही लागू. पण पुरुषाच्या पिकल्या केसांना अनुभवाचे नाव मिळते आणि स्त्रीच्या विसरभोळेपणाला म्हातारपणाचे.

स्त्रीचे वय वाढते ते वेगवेगळ्या दारांनी. वाचनाच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणण्याची पद्धत आहे. ते दार सर्वांनाच दिसते. ऋतुनिवृत्तीचे दार मात्र घरात कोणी उघडपणे उच्चारीत नाही. रात्री अवचित येणारा घाम, हाडांची कुरकुर, कारण नसताना भरून येणारे डोळे, हे सारे ‘काही नाही, जरा थकवा आहे’ या वाक्यात गुंडाळले जाते. कोणाला त्या टप्प्यावर काही हरवल्यासारखे वाटते. तर दरमहा बाजूला बसण्याचा काच ज्यांनी सोसला, त्यांना सुटल्यासारखे वाटते. दोन्ही भावना खऱ्या आहेत. त्यानंतर येते ते सासूपण. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ या म्हणीत सत्तेची अदलाबदल सांगितली आहे. परंतु ते चार दिवस संपल्यावर उरणाऱ्या वर्षांचे काय करावे, याविषयी म्हण मौन बाळगते.

ही वर्षे आता थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती आणि त्यांत स्त्रिया पुरुषांहून अधिक होत्या. उत्तरायुष्याचा प्रश्न हा अशा रीतीने मोठ्या प्रमाणात स्त्रियांचा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी पाहिले. पार्वतीबाई आठवले यांचा जन्म १८७० सालचा, कोकणातील देवरुखचा. विशीच्या सुमारास वैधव्य आले, पदरी लहान मुलगा होता. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे या त्यांच्या भगिनी. त्या आधाराने पुण्यास येऊन त्या शिकल्या आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव निधी गोळा करू लागल्या. पुढे पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९१८ साली, त्या इंग्रजी शिकण्यासाठी आणि आश्रमास साहाय्य मिळवण्यासाठी अमेरिकेला गेल्या. परक्या घरांत घरकाम करून त्यांनी तेथे दिवस काढले. ज्या वयात विधवेने जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसावे असे समाज सांगत होता, त्या वयात या बाईंनी समुद्र ओलांडला. १९२८ साली त्यांचे ‘माझी कहाणी’ प्रसिद्ध झाले.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट वेगळ्या वळणाची. लग्न अकराव्या वर्षी झाले. वाचायला-लिहायला त्या शिकल्या लग्नानंतर. १९१९ साली पती, कवी नारायण वामन टिळक, निवर्तले तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. पतीने अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला, तेव्हा त्यांचे वय होते ६६. मराठी गद्यातील ते एक श्रेष्ठ आत्मचरित्र मानले जाते आणि ते तरुणपणी लिहिता आलेच नसते. स्वतःच्या फजितीकडे हसून पाहण्याची, दुःखाला योग्य अंतरावर बसवण्याची शक्ती वयानेच त्यांना दिली. म्हातारपण म्हणजे केवळ वजाबाकी, या समजुतीला त्या पुस्तकाने परस्पर उत्तर दिले आहे.

कोणी म्हणेल, या असामान्य स्त्रिया, चारचौघींचे काय? त्याचे उत्तर ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात आहे. फांगणे नावाच्या लहानशा गावात ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती कल्पना मांडली आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने साहाय्य केले. पोथी आपली आपल्याला वाचता यावी, एवढीच त्या वृद्धांची इच्छा होती. गुलाबी नऊवारी हा गणवेश; पाठीवर दप्तर, हातात पाटी-पेन्सिल आणि दुपारची दोन तासांची शाळा. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजी मुळाक्षरे गिरवू लागल्या. कोणी सौभाग्यवती, कोणी विधवा. गणवेश सर्वांना एकच.

वरवर पाहता त्यात कौतुकापलीकडे काही नाही असे वाटेल. तथापि अंगठा आणि सही यांतील अंतर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्याचे मोल कळेल. अंगठा दुसऱ्याने धरून उठवता येतो. सही स्वतःलाच करावी लागते. बँकेच्या कागदावर आयुष्यात प्रथमच आपले नाव लिहिणाऱ्या स्त्रीने केवळ अक्षरे गिरवलेली नसतात. आपल्या नावावर आपला ताबा मिळवलेला असतो. सुशिक्षित घरांतूनही हा ताबा गृहीत धरता येत नाही. पदवीधर असूनही ‘येथे सही कर’ म्हटल्यावर कागद न वाचता सही करणाऱ्या स्त्रिया थोड्या नाहीत. निवृत्तिवेतन कोठे जमा होते, घर कोणाच्या नावे आहे, हे प्रश्न साठीनंतर विचारायला संकोच वाटावा, ही खरी निरक्षरता होय.

बेंगळुरूत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मुलाची नोकरी येथे म्हणून कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे येथून कितीतरी आजी या शहरात येतात. मागे राहते ते अंगण, भिशी, भजनी मंडळ, नावाने हाक मारणाऱ्या शेजारणी. येथे उंच इमारतीतील एक दार, दुपारी शाळेतून येणारे नातवंड आणि भोवती न कळणारी भाषा. घरातील सर्वांना तिची गरज असते; तिला काय हवे, हे विचारायला मात्र सवड नसते. गरज असणे आणि मान असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण हेच शहर काही देऊही शकते. कन्नडमधली अज्जी आणि मराठीतली आजी यांत अंतर ते किती? भाजीवालीशी चार शब्द बोलता आले की परकेपणाची निम्मी भिंत पडते. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली राज्यातील रहिवासी स्त्रियांना साध्या बसमधून विनामूल्य प्रवास करता येतो. ते शून्य रकमेचे तिकीट हाती धरून एखादी आजी एकटीच लालबागेत जाऊन बसली, तर घरच्यांनी धसका न घेता तिचे अभिनंदन करावे. भोपळ्यात बसून लेकीकडून सुखरूप परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट मराठी मुले पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आली आहेत. जंगलातून एकटीने प्रवास करणारी, वाघाला चकवणारी ती म्हातारी मुलांना इतकी प्रिय. मग घरच्या आजीने बसने जावे याचेच भय का वाटावे?

येथे एक सावधगिरीही हवी. वृद्धेने सतत काहीतरी नवे शिकत राहिलेच पाहिजे, हाही एक नवा जुलूम होऊ शकतो. चाळीस वर्षे पहाटे उठलेल्या स्त्रीला उशिरापर्यंत निजावेसे वाटले, तर तोही तिचा हक्क आहे. नातवंडे सांभाळणे तिला आनंदाचे वाटत असेल तर उत्तमच. न वाटत असेल, तर तसे म्हणण्याची मुभा तिला असावी. पार्वतीबाईंनी प्रवास निवडला, लक्ष्मीबाईंनी लेखणी, फांगण्याच्या आजींनी पाटी. त्यांचे मोठेपण निवडीत आहे. निवड दुसऱ्याने केली, की मोठ्यात मोठे कामही वेठ होते.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्ताने पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक छोटासा गृहपाठ. आज घरी गेल्यावर आई, आजी, सासू, मावशी, जी कोणी असेल तिला तीन प्रश्न विचारावेत: तुझी जन्मतारीख कोणती? माहेरचे पूर्ण नाव काय? आणि शिकायचे राहून गेलेले असे काय आहे? उत्तर देताना ती प्रथम हसेल, ‘आता या वयात काय!’ असे म्हणेल. तेथे न थांबता, प्रश्न पुन्हा विचारावा आणि शांतपणे वाट पाहावी. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. तिसऱ्याचे उत्तर मिळाले, तर त्यासाठी आठवड्यातील दोन तास घराने तिला मोकळे करून द्यावेत; त्या दोन तासांचा चहा दुसऱ्या कोणीतरी करावा.

शाळेची साठी साजरी झाली. आता घरोघरीच्या साठ्या मोजल्या जाव्यात, हीच सदिच्छा.