कापराची डावी-उजवी बाजू



विज्ञानावर आम्ही बोलावे हे धाडसच होय. आम्ही बी. ए. झालेले, उभी हयात सरकारी फायलींत गेली. परंतु काशीत घाटावरील आरतीचा कापूर रोज दृष्टीस पडतो, आणि 'हा कापूर खरा ना?' हा प्रश्न ब्रह्माघाट-दुर्गाघाटावरील आपल्या घरांतून कानी येतो. त्याचे उत्तर शोधताना आम्ही एका विलक्षण शास्त्राच्या उंबरठ्याशी पोहोचलो.

नमस्कारात दोन्ही तळवे परस्परांचे प्रतिबिंब असतात. पण एक हात पालथा दुसऱ्या पालथ्या हातावर ठेवला, तर अंगठे विरुद्ध दिशांना जातात. वनस्पतींच्या सुगंधी तेलांतील पुष्कळ रेणू असेच डावे-उजवे असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'कायरल' म्हणतात. टर्पेंटाइन तेल ध्रुवित प्रकाशाची पातळी फिरविते, हे बियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१५ साली दाखविले. १८४८ साली पाश्चर यांनी टार्टरिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक हाताने निवडून वेगळे केले.

हा भेद नाकालाही कळतो. कार्व्होन हा पदार्थ एकच. परंतु त्याचे एक रूप स्पिअरमिंट पुदिन्याचा गंध देते, तर त्याचे प्रतिबिंब शहाजिऱ्यात व बाळंतशेपांत आढळते.

कापराचे मात्र नाकाला उमगत नाही. झाडाचा कापूर उजवीकडे वळविणारा असतो. आज बाजारात येणारा बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात होतो. त्यात दोन्ही रूपे जवळजवळ समसमान असल्याने एकाचे वळण दुसरे पुसून टाकते. वास तोच, ज्योतही तीच. निवाडा करतो तो ध्रुवणमापक, किंवा वायुवर्णलेखन यंत्रातील पिष्टापासून केलेल्या सायक्लोडेक्स्ट्रिनची नळी. तीतून डावे व उजवे रेणू निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात.

मग कारखान्याचा कापूर खोटा काय? आमच्या मते नाही. खोटी असते ती त्यावर लावलेली 'नैसर्गिक' ही चिठ्ठी. शिवाय नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज घातक आहे. कापूर झाडाचा असो वा कारखान्याचा, खडीसाखर समजून मुलाने तोंडात टाकला, तर त्यास झटके येऊ शकतात. प्रसंगी जिवावरही बेतते.

म्हणून दोनच विनंत्या. अधिक दाम मागणाऱ्याकडे प्रकाश-वळणाच्या तपासणीचा दाखला मागावा. सरकारी माणूस कागद मागणारच! आणि देवघरातील कापराची डबी आज घरी गेल्याबरोबर मुलांच्या हाताबाहेर, उंच फळीवर ठेवावी.