उत्प्रेरकाच्या शोधात एक हयात

(देवस्थानच्या विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



बक्षिसे वाटण्यापूर्वी चार शब्द बोलावेत अशी समितीची आज्ञा झाली आणि विषयही माझ्यावरच सोपविण्यात आला. अशा प्रसंगी एखाद्या संताचे वा राष्ट्रपुरुषाचे चरित्र सांगण्याचा आपला प्रघात आहे. मी आज एका प्राध्यापकाचे चरित्र सांगणार आहे. माझे आयुष्य कचेरीतल्या खतावण्या लिहिण्यात गेले. रसायनशास्त्राशी माझा परिचय लिसेवमधील पोर्तुगीज पाठ्यपुस्तकापुरता. त्या पुस्तकातला ‘कातालिझादोर’ हा एक शब्द मात्र मनात घर करून राहिला. मराठीत त्याला उत्प्रेरक म्हणतात.

उत्प्रेरक म्हणजे काय, हे डिचोलीकरांना समजावणे सोपे आहे. बेळगावचा व्यापारी पूर्वी घाट उतरून आपल्याकडे येई. डोंगर आडवा असला की माणूस एक तर वळसा घेतो, नाही तर दमून परत फिरतो. कोणी माहीतगार भेटला आणि त्याने खालची खिंड दाखविली, तर तोच प्रवास थोड्या श्रमात होतो. माहीतगार मालाला हात लावीत नाही. एकाला पार करून दुसऱ्यासाठी पुन्हा वाटेवर उभा राहतो. रासायनिक क्रियेत उत्प्रेरक हेच करतो. मुक्काम तो बदलीत नाही, चढण तेवढी कमी करतो. १८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियसने या शक्तीला नाव दिले.

आपल्या खाणींतल्या लोखंडाचाही या विद्येशी दूरचा नातेसंबंध आहे. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्यासाठी जर्मनीत मिटाश नावाच्या शास्त्रज्ञाने हजारो पदार्थ तपासले. १९०९ साली त्याला यश आले ते स्वीडनच्या खाणीतील एका लोहखनिजाने. शुद्ध लोखंड तितके कामाचे निघाले नाही. खनिजात मिसळलेल्या इतर द्रव्यांच्या अल्पशा अंशाने ते कार्यक्षम झाले होते. आपले खनिज प्रामुख्याने हेमेटाइट आणि ते मॅग्नेटाइट, एवढा फरक ध्यानात ठेवावा. १९७३ साली सांकवाळच्या पठारावर खताचा कारखाना सुरू झाला, तेव्हा हीच विद्या आपल्या दारात आली. आपण मात्र तिथे नोकरी मिळेल काय, एवढेच विचारले.

आता चरित्राकडे वळतो. प्राध्यापक गणपती दादासाहेब यादव यांचा जन्म १९५२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुनवाडा या खेड्यात झाला. माटुंग्याला मुंबई विद्यापीठाचे रसायन-तंत्रज्ञान खाते होते, जे १९३३ साली स्थापन झाले. सर्वत्र त्याची ओळख यूडीसीटी या आद्याक्षरांनी. तेथून १९७४ साली ते रासायनिक अभियांत्रिकीचे पदवीधर झाले आणि १९८० साली त्यांनी पीएच.डी. मिळविली. गुरू होते प्राध्यापक मनमोहन शर्मा. हे शर्मा राजस्थानचे. केंब्रिजहून परत येऊन १९६४ साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी माटुंग्याला प्राध्यापक झाले. पुढे १९९० साली रॉयल सोसायटीवर निवडले गेलेले ते पहिले भारतीय अभियंता.

यादवांच्या संशोधनाचे मर्म एका साध्या प्रश्नात आहे. औषधे, सुगंधी द्रव्ये, रंग बनविताना शतकभर गंधकाम्लासारखी द्रव आम्ले उत्प्रेरक म्हणून वापरली गेली. काम स्वस्तात होई. परंतु शेवटी ते आम्ल मालात मिसळलेलेच राही. ते मारण्यासाठी क्षार घालायचा, मग क्षाराचे पाणी व गाळ नदीनाल्यात. हे आम्ल घन स्वरूपात मिळाले तर? मग ते गाळून काढता येईल, पुन्हा वापरता येईल आणि नाल्यात काही सोडावे लागणार नाही. झिर्कोनियाच्या कणांवर गंधकाचे अंश बसवून, चिकणमातीच्या थरांवर टंगस्टनयुक्त आम्ल ठेवून, त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी असे घन उत्प्रेरक घडविले. त्या मालिकेला त्यांनी ‘यूडीकॅट’ म्हटले. स्वतःचे नाव न लावता ज्या खात्यात शिकलो त्याचे लावले, ही गोष्ट मला फार आवडली.

हे वर्षा-दोन वर्षांचे काम नव्हे. घन उत्प्रेरकावर काजळी धरते, मळाच्या अंशाने त्याला विषबाधा होते, पाण्याने त्याची धार जाते. पहिल्या दिवशी उत्तम चाललेला पदार्थ दहाव्या फेरीत निकामी झाला, तर कारण शोधायला पुन्हा मुळापासून आरंभ. म्हणून यादवांच्या हाताखाली शंभराहून अधिक विद्यार्थी पीएच.डी. झाले, हा आकडा मला पदव्यांपेक्षा मोठा वाटतो. खात्याची संस्था झाली, तिला विद्यापीठाचा दर्जा लाभला आणि २००९ पासून दहा वर्षे ते तिचे कुलगुरू होते. २०१६ साली पद्मश्री आणि २०२२ साली अमेरिकेच्या अभियांत्रिकी अकादमीचे सदस्यत्व. हे सन्मान मी भरभर सांगितले, कारण ते सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचलेलेच आहेत.

कोणी म्हणेल, कोल्हापूरचे चरित्र आम्हांस कशाला? तर त्याच माटुंग्यात, त्याच शर्मांच्या हाताखाली १९६९ साली पीएच.डी. झालेले एक गृहस्थ आपल्या माशेलचे आहेत. डॉ. रघुनाथ माशेलकर. लहानपणी वडील गेले, आईने मुंबईत काबाडकष्ट करून वाढविले. १९६० साली शालान्त परीक्षेत ते बोर्डात अकरावे आले, तरी पैशावाचून शिक्षण सोडण्याची पाळी होती. तेव्हा सर दोराबजी टाटा न्यासाने त्यांना दरमहा ६० रुपये दिले, सलग सहा वर्षे. कारकुनाच्या सवयीने मी हिशेब मांडला : एकूण ४,३२० रुपये. त्या रकमेतून पुढे देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा महासंचालक उभा राहिला. रक्कम मोठी नव्हती. ती सहा वर्षे तुटली नाही, हे मोठे.

आपल्या देवस्थानचा बक्षीस-निधी मी पाहिला आहे. दरवर्षी पुष्कळ मुलांना थोडेथोडे मिळते. एक पाकीट, एक नारळ, एक छायाचित्र. मुलांना आनंद होतो, तो मी हिणवीत नाही. परंतु २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा डिचोलीतल्या कितीतरी घरांत ट्रकाचे हप्ते थकले, आणि त्याच घरांतली हुशार मुले मिळेल त्या नोकरीला लागली. त्यांतल्या कोणाला प्रयोगशाळेत पाच-सहा वर्षे बसण्याची ऐपत होती? पदवीनंतरचे संशोधन हे श्रीमंतांच्या मुलांचे काम, अशी आपली समजूत झाली आहे. अर्जुनवाड्याच्या आणि माशेलच्या मुलांनी ती खोटी ठरविली. पण एकट्याच्या बळावर नव्हे.

म्हणून माझी सूचना अशी की, निधीचा अर्धा भाग वेगळा काढून दर तीन वर्षांनी एका महाजन-कुटुंबातील मुलाला वा मुलीला संशोधन पुरे होईपर्यंत मासिक वेतन द्यावे. मुलगी म्हटले, ते मुद्दाम. प्रगतीचा दाखला दरवर्षी मागावा, गुणांची टक्केवारी मागू नये. वर सांगितलेच आहे की दहाव्या फेरीत उत्प्रेरक निकामी होऊ शकतो आणि तरीही काम चांगले चाललेले असते.

हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेत यावा म्हणून मी तो लिहून आणला आहे. सूचक मी आहे. अनुमोदकाची जागा कोरी आहे. बक्षिसे वाटून झाल्यावर ज्या महाजनांना सही करावयाची असेल त्यांनी सभामंडपाच्या उजव्या खांबापाशी मला भेटावे.