कंपन्या परदेशी का जातात?



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो संप आणि बोनस यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. चालकांनी आम्हांला दिलेला विषय मात्र अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला शोभावा असा आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. ताळेबंद वाचायला शिकलो तो पहिली पाळी संपल्यावर, वाचनालयात बसून. कारण वाटाघाटीला समोर बसलेला गृहस्थ आकड्यांत बोले, आणि आकड्याला घोषणेने उत्तर देता येत नाही. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते पंडिताचे विवेचन नव्हे. ज्याला या प्रश्नाचे उत्तर पोटासाठी शोधावे लागले, अशा माणसाचा हा हिशेब आहे, असे समजावे.

कंपनी आपला देश सोडून दुसऱ्याच्या देशात का जाते? आपल्याकडे याची दोन ठराविक उत्तरे आहेत. पहिले असे की, ती लुटायला जाते. आणि दाखल्याला ईस्ट इंडिया कंपनी तयारच असते. दुसरे असे की, ती भांडवल आणते, ज्ञान आणते, रोजगार आणते. म्हणून तिच्या वाटेवर पायघड्या घालाव्यात. दोन्हींत काही तथ्य आहे. पण टेबलापाशी बसून करार करणाऱ्याला दोन्हींचा उपयोग होत नाही. शिव्या देऊन पगार वाढत नाही आणि आरती ओवाळूनही वाढत नाही. कंपनीला येथे कोणत्या गरजेने आणले, हे ज्याला कळले त्यालाच तिच्याशी बोलता येते.

पहिली गरज यंत्राची. यंत्र एकदा उभे केले की त्यात पैसा अडकतो, आणि तो पैसा यंत्र जितके चालेल तितकाच सुटतो. घरचे गिऱ्हाईक तेवढा माल घेईनासे झाले की मालक दुसरा बाजार पाहू लागतो. यासाठी विलायतेचे उदाहरण कशाला हवे? आपल्या मुंबईच्या गिरण्यांचेच घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत मुंबईच्या गिरण्या जाडे सूत काढीत, आणि त्यातले बरेचसे बोटीने चीनला जाई. तिकडचा हातमागवाला ते विणी. कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस परळ-लालबागेत सूत काती, आणि त्याचा रोज अखेर चीनमधल्या विणकराच्या मागणीवर ठरे. त्या विणकराचे नावगाव त्याला ठाऊक नव्हते.

तो बाजार मग का ढासळला? कारणे अनेक होती. त्यांतली दोन गिरणीच्या फाटकाबाहेरची होती. १८९३ साली इंग्रज सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले. पुढे चांदी उतरली तरी रुपया तिच्याबरोबर उतरेना. चीनचा व्यवहार चांदीत. त्यामुळे मुंबईचे सूत तेथे महाग पडू लागले. जपानचे चलन १८९७ पर्यंत चांदीवरच होते, त्यामुळे त्याला ही अडचण आली नाही. शिवाय जपानने १८९४ साली सुताच्या निर्यातीवरचा कर काढला आणि १८९६ साली कापसाच्या आयातीवरचा कर काढला. १८९३ सालीच मुंबईहून जपानी बोटी सुरू झाल्या होत्या. म्हणजे आपला कापूस जपानला जाई आणि त्याचे सूत होऊन चीनच्या बाजारात आपल्याच सुताशी भिडे! गिरणीतल्या कामगाराने हात आखडला नव्हता, माल वाईट काढला नव्हता. तरी पाळी बंद पडली की घरी तोच बसे. परदेशी बाजाराचा हा पहिला धडा आहे: नफ्याचे क्षेत्र वाढते, तसे धोक्याचेही वाढते, आणि त्या धोक्याचा मोठा वाटा कामगाराच्या पदरात पडतो.

दुसरी गरज भिंतीची. हे मुलुंडकरांना समजावून सांगायला नको. १ जुलै २०१७ पर्यंत आपल्या नाक्यावर मुंबई महापालिकेची जकात होती. ठाण्याकडून ट्रक आला की थांबला, पावती फाडली, मग शहरात शिरला. जकातीचा दर चढा असेल तर व्यापारी काय विचार करील? तयार माल नाक्याबाहेरून आणण्यापेक्षा नाक्याच्या आतच तो बनवावा, असे त्याच्या मनात येणारच. देशादेशांमध्ये आयातकराच्या आणि परवान्यांच्या भिंती असतात, तेथे कंपन्या हाच विचार मोठ्या प्रमाणावर करतात. माल भिंतीवरून येईना, तर कारखानाच भिंतीच्या आत नेऊन बांधायचा.

आपल्या आग्रा रोडवर, म्हणजे आताच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, हे घडले. जॉन्सन अँड जॉन्सन या अमेरिकन कंपनीची पावले पाहा. स्वातंत्र्याच्या सुमारास तिची बेबी पावडर येथे दुसऱ्या कंपनीकडून बनवून घेऊन विकली जाऊ लागली. १९५७ साली तिची येथे स्वतंत्र कंपनी नोंदली गेली. १९५९ साली मुलुंडला तिचा कारखाना सुरू झाला. आधी दुसऱ्याच्या हाताने माल काढून बाजार चाचपायचा, मग स्वतःची पेढी, मग स्वतःचा कारखाना, असा तो चढता क्रम आहे. त्याच सुमारास, १९५६-५७ साली, देशाची परकीय गंगाजळी आटली आणि सरकारने आयातीवर कडक निर्बंध घातले होते. ज्याला हिंदुस्थानचे गिऱ्हाईक हवे त्याने हिंदुस्थानात येऊन माल काढावा, असे तेव्हाचे धोरण होते. त्या भिंतीने मुलुंडला आणि ठाण्याला रोजगार दिला, हे विसरून चालणार नाही. पण १९९१ नंतर भिंती उतरू लागल्या, आणि जो कारखाना केवळ भिंतीमुळे येथे उभा होता, त्याच्यापाशी येथेच राहण्याचे कारण उरले नाही.

तिसरी गरज बुद्धीची आणि कच्च्या मालाची. हेक्स्ट ही जर्मन औषध कंपनी मुलुंडला होती. तिने १९७२ साली येथे संशोधन केंद्र उघडले. आपल्याकडे माईनमुळा म्हणून एक मूळ असते. त्याचे लोणचे पुष्कळांनी खाल्ले असेल. त्या वनस्पतीच्या मुळापासून या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी एक द्रव्य वेगळे काढले. फोर्स्कोलिन त्याचे नाव. शरीरातल्या पेशींना बाहेरचा निरोप आत कसा पोचतो, याच्या अभ्यासासाठी ते जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाऊ लागले. लोणच्याच्या बरणीतले मूळ मुलुंडच्या प्रयोगशाळेतून जगात गेले! याचा अभिमान वाटावा, आणि आम्हांला वाटतो. पण पुढचेही ऐका. १९९८ साली ते केंद्र निकोलस पिरामल या भारतीय कंपनीकडे गेले. १९९९ साली मूळ हेक्स्टच एका फ्रेंच कंपनीत मिसळली आणि तिचे नाव बदलले. २००४ साली ते नवे नावही तिसऱ्या नावात विरघळले. केंद्रातल्या माणसांनी काम वाईट केले म्हणून हे झाले काय? मुळीच नाही. हे निर्णय युरोपात झाले, आणि तेथल्या भागधारकांच्या सोयीने झाले.

चौथी गरज स्वस्त मजुरीची. लोक हीच पहिली धरतात. आम्ही ती जाणूनबुजून शेवटी ठेवली. पहिल्या महायुद्धानंतर जपानात मजुरी वाढली, आणि बायकांना रात्रपाळीला लावण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. चीननेही सुतावरचा आयातकर वाढवला होता. तेव्हा मुंबईला चीनच्या बाजारातून हुसकणारे जपानी गिरणीवाले स्वतःच शांघायला गिरण्या काढू लागले. १९२५ साली अशाच एका गिरणीत तंटा होऊन एक चिनी कामगार गोळीने मारला गेला, आणि त्यातून चीनभर आंदोलन पेटले. स्वस्त मजूर शोधीत गेलेल्या मालकाला माणूस भेटतो, आणि माणूस कायम स्वस्त राहत नाही.

पण येथे एक सावधगिरीची सूचना करतो. कारखाना हलवण्याची गोष्ट निघाली की व्यवस्थापक मजुरीकडे बोट दाखवतो. अशा वेळी कामगार प्रतिनिधीने शांतपणे एकच प्रश्न विचारावा: एकूण खर्चात मजुरीचा वाटा शेकडा किती? पुष्कळ धंद्यांत तो इतका थोडा असतो की निम्मा केला तरी मालाची किंमत फारशी हलणार नाही. मग खरे कारण दुसरीकडे शोधावे. कधी ते करात सापडते, कधी पेटंटात, कधी पायाखालच्या जमिनीत. मुलुंड-भांडुपच्या हमरस्त्यावर जेथे भोंगे वाजत, तेथे आज वीस-वीस, तीस-तीस मजल्यांचे मनोरे आहेत. मालापेक्षा जमीन महाग झाली की मालक कारखानदार राहत नाही, तो जमीनदार होतो. आम्ही एका वाटाघाटीत तीन महिने उत्पादनखर्चावर वाद घातला, शेवटी व्यवस्थापक म्हणाले, “साहेब, निर्णय वर झालेला आहे.” त्या ‘वर’चा पत्ता समुद्रापलीकडचा होता आणि त्या पत्त्यावर आमच्यापैकी कोणाला बोलावणे नव्हते.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. आपल्या कंपन्याही बाहेर जातात. पुण्या-औरंगाबादकडे बनलेल्या बजाजच्या मोटारसायकली नायजेरियात टॅक्सी म्हणून धावतात. तेथले नायरा हे चलन घसरले की तेथल्या गिऱ्हाइकाला गाडी महाग होते आणि इकडची निर्यात आखडते. म्हणजे १८९३ सालची चांदीची गोष्ट नव्या नावाने चालूच आहे.

२००७ साली टाटा स्टीलने कोरस ही इंग्रज-डच कंपनी विकत घेतली, तेव्हा आपल्याकडे केवढा आनंद झाला! ज्यांनी आमच्यावर राज्य केले त्यांचे पोलाद आम्ही घेतले, असे लोक बोलत होते. त्या कंपनीचा वेल्समध्ये पोर्ट टॅलबट येथे मोठा कारखाना होता. तेथली शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझली. ब्रिटनमध्ये सुमारे २,८०० नोकऱ्या जातील, असे कंपनीने आधी जाहीर केले होते. भट्ट्या जुन्या झाल्या, दिवसाला दहा लाख पौंडांच्या घरात तोटा होतो, असे तिचे म्हणणे होते. ते खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. सव्वाशे कोटी पौंड खर्चून तेथे विजेची भट्टी उभारण्याचे ठरले. त्यांतले पन्नास कोटी तेथल्या सरकारचे. जुलै २०२५ मध्ये तिच्या कामाला प्रारंभ झाला.

पण त्या भट्टीवर वडील आणि आजा काम करून गेलेला वेल्सचा कामगार फाटकाबाहेर उभा राहिला, तेव्हा त्याच्या दृष्टीने ‘वर’चा पत्ता कोठला होता? तो मुंबईचा होता. बंधुभगिनींनो, आम्हांला या सभेला हेच विचारायचे आहे. आपले मन तेव्हा कोणाच्या बाजूला होते? कंपनी आपल्या गावची म्हणून आपण तिच्या बाजूचे, आणि कंपनी परकी असली की कामगाराच्या बाजूचे, असे दुहेरी माप ठेवता येणार नाही. टाटांनी केले ते हेक्स्टने केले त्याहून निराळे नव्हते, आणि दोघांनाही शिवी देण्याचे कारण नाही. भांडवल गरजेने येते आणि गरजेनेच जाते. स्वदेशी असो वा परदेशी, हा त्याचा स्वभाव आहे.

मग कामगाराने काय करावे? इतिहासात एक गमतीची गोष्ट आहे. मुंबईच्या गिरण्यांतील मुलांचे आणि स्त्रियांचे तास कमी करणारे १८८१ आणि १८९१ चे कायदे व्हावेत म्हणून लँकेशायरच्या मालकांनी जोर लावला होता. त्यांना आपल्या मुलाबाळांची दया आली नव्हती. मुंबईची स्पर्धा त्यांना खुपत होती. पण नारायण मेघाजी लोखंड्यांनी ती संधी ओळखली. १८८४ पासून त्यांनी सभा भरवल्या, अर्जांवर हजारो सह्या घेतल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. दोन भांडवलांच्या भांडणात कामगाराची फट कोठे आहे, ती पाहून तेथे पाय रोवणे, ही लोखंड्यांची शिकवण आहे. तिला प्रथम कंपनीची गरज ओळखावी लागते.

आज मुलुंडच्या पुलावरून रोज सकाळी आपली मुले-मुली ऐरोलीकडे जातात आणि परदेशी कंपन्यांची कामे काचेच्या इमारतींत बसून करतात. ती स्वतःला कामगार म्हणवीत नाहीत. त्यांच्या गळ्यात पट्टा आहे, हातात भोंग्याऐवजी मोबाइल आहे. पण कंपनी येथे ज्या गरजेने आली ती यंत्राची, भिंतीची, बुद्धीची किंवा स्वस्ताईचीच आहे. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, कंपनीला तीन प्रश्न विचारा. तू कशासाठी आलीस? ते कारण किती दिवस टिकेल? आणि ते संपल्यावर आमच्यापाशी काय उरेल: हातातले कौशल्य, साठलेला भविष्यनिर्वाह निधी, ठरलेली नुकसानभरपाई, की नुसता अनुभवाचा दाखला? हे प्रश्न कंपनी येते तेव्हा विचारायचे असतात. ती जायला निघाली म्हणजे उत्तर द्यायला कोणी जागेवर नसते. आणि एकट्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही; म्हणून ते चौघांनी मिळून विचारावेत. त्या चौघांना काय नाव द्यायचे, ते त्यांनीच ठरवावे. आम्ही त्याला संघटना म्हणतो.